कानात बिल्ला नसलेला जीव

मराठी भाषेनं मांजराला फारसं चांगलं वागवलेलं नाही. ते आडवं जातं, डोळे मिटून दूध पितं, आणि त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची याचा निकाल उंदरांच्या सभेत अजून लागलेला नाही. गाईला आपण देवत्व दिलं, बैलाला पोळा दिला, कुत्र्याला निदान इमानाचं प्रशस्तिपत्र दिलं. मांजराच्या वाट्याला आला तो संशय. कणगीतलं धान्य उंदरांपासून त्यानं पिढ्यान् पिढ्या राखलं, तरी घरातला एखादा आतल्या गाठीचा माणूस दाखवायचा झाला की आपल्याला मांजरच आठवतं. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला एका मांजराचं चरित्र वाचताना डोळे पुसावे लागले, तर तो आधी इकडेतिकडे बघतो. कोणी पाहिलं तर नाही ना?

ज्या पुस्तकाबद्दल मी हे लिहितो आहे, ते ग्वेन कूपर या अमेरिकन लेखिकेचं. 2009 साली ते प्रसिद्ध झालं आणि पाहता पाहता खपाच्या यादीत जाऊन बसलं. नाव ‘होमर्स ओडिसी’. गोष्ट सांगायची तर चार ओळींत संपते. 1997 च्या सुमारास मायामी शहरात जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे काही आठवड्यांचं एक काळं पिल्लू आलं. डोळ्यांत इतका संसर्ग झालेला, की जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार होते. ते काढले. आता हे पिल्लू नेणार कोण? ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी नकार दिला. लेखिका तेव्हा पंचविशीत होती, नुकतंच प्रेमप्रकरण मोडलं होतं, पगार बेताचा आणि घरात आधीच दोन मांजरी. ती नुसतं बघायला म्हणून गेली आणि पिल्लू घेऊन आली. आंधळा म्हणून जो महाकवी प्रसिद्ध, त्या होमरचं नाव तिनं त्याला ठेवलं.

पुढे हे मांजर हवेत उंच उडी मारून नुसत्या आवाजावर माशी पकडायला शिकलं. एका रात्री घरात माणूस शिरला, तेव्हा गुरगुरून त्याच्यावर धावून गेलं. 2001 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा त्यांच्या जवळच्याच घरात तिन्ही मांजरं अडकली होती, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी लेखिकेला अनेक दिवस धडपड करावी लागली. होमर 2013 च्या ऑगस्टमध्ये गेला. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा तो जिवंत होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्राण्यांवरची पुस्तकं वाचणारे पुष्कळ लोक आधी शेवटचं पान उघडून प्राणी मरतो का ते बघतात, आणि मरत असेल तर पुस्तक मिटून ठेवतात. या पुस्तकात मांजर मरत नाही. तरीही वाचक रडतात. मग ते रडतात तरी कशाला?

या प्रश्नाचा मी थोडा पाठपुरावा केला, तो आमच्या माकणीत. माकणी म्हणजे लोहारा तालुक्यातलं, तेरणेच्या काठचं गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथलंच. निवृत्तीनंतर माझा वर्षातला बराच काळ गावी जातो. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली की शेजारपाजारचे पाचसात जण ओसरीवर येऊन बसत. त्यांना मी हे पुस्तक रोज थोडं थोडं मराठी करून सांगितलं. इंग्रजीतलं मायामी कुठे आणि आमची तेरणा कुठे! पहिल्या दिवशी लोक हसले. मांजराला डॉक्टर, मांजराला शस्त्रक्रिया, मांजराचा वेगळा खर्च. एकानं स्पष्ट विचारलं, की साहेब, एवढ्या पैशात इकडे शेळी येईल की नाही? मी म्हटलं, येईल. तिसऱ्या दिवशी मात्र तोच गृहस्थ वेळेआधी येऊन बसला होता.

त्याच्या प्रश्नाला मी हसलो नाही, कारण माझी उभी नोकरी त्याच हिशेबात गेली. बँकेत मी लागलो तो काळ एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा. 1980 पासून देशभर आणि पुढे 1999 पर्यंत तो चालला. म्हशी, शेळ्या, बैलजोड्या यांच्यासाठी मी किती कर्जप्रकरणं केली असतील, त्याची गणती नाही. प्रत्येक जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला असे आणि त्या बिल्ल्याचा नंबर आमच्या कागदावर. जनावर दगावलं तर तो बिल्ला आणून दाखवावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही. त्याच विम्यात आणखी एक कलम होतं, कायमच्या पूर्ण अपंगत्वाचं. म्हैस कायमची दुधाला निकामी झाली, बैल कायमचा ओढकामाला निकामी झाला, की तो मेल्यासारखाच धरायचा आणि पैसे द्यायचे. कलमात वावगं काही नाही. कर्ज काढून जनावर घेणाऱ्या माणसाला भावनेपेक्षा भरपाईच हवी असते. पण उपयोग संपला की जीव संपला, हे समीकरण कागदावर रोज वाचणाऱ्याच्या मनात नकळत मुरतं.

त्या बाईनं आंधळं पिल्लू उचललं तेव्हा नेमकं हे समीकरण मोडलं. ते उंदीर मारील याची खात्री नव्हती. ते देखणं नव्हतं. त्यानं पुढे चोराला पळवलं खरं, पण ते पुढे. उचललं तेव्हा त्याच्या खात्यात जमेला काहीच नव्हतं. माझ्या ओसरीवरचे श्रोते चोराच्या प्रसंगाला टाळ्या देत होते, पण गप्प झाले ते आधीच्या प्रसंगाला. सगळ्यांनी नाकारलेलं कोणीतरी हातात घेतं आणि हे माझं म्हणतं, तिथे. मला वाटतं, वाचक रडतो तो इथे. प्रत्येकाला आपल्या आयुष्यातली एखादी अशी वेळ आठवते, जेव्हा आपल्यालाही कोणीतरी असं उचलायला हवं होतं. काहींना उचललेलं असतं. काहींना नाही.

श्रोत्यांत एक किराणा दुकानदार होते, पन्नाशीकडे झुकलेले, लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला. ते शेवटच्या दिवशी बोलले. त्यांचं म्हणणं असं, की मांजराचं एका परीनं बरं असतं. लोक त्याची कीव करतात ते त्याला कळत नाही. माणसाच्या पोराला पाचव्या वर्षीच कळतं. पण पुस्तकातली एक गोष्ट त्यांना फार आवडली. आंधळं आहे म्हणून त्या बाईनं मांजराला जपून कोपऱ्यात बसवलं नाही, त्याला चढू दिलं, उड्या मारू दिल्या, पडूही दिलं. शाळेत खेळाचा तास आला की यांना सगळे मायेनं व्हरांड्यात बसवून ठेवत. त्या मायेचा राग त्यांना अजून आहे. पडलो असतो तर लागलं असतं, एवढंच ना, असं म्हणून ते काठी घेऊन उठले.

या बोलण्यातला काटा चुकवून चालणार नाही. अपंग प्राण्याच्या गोष्टीवर रडणं सोपं असतं. ते मांजर सवलत मागत नाही, नोकरीतला हक्क मागत नाही, लग्नाचं कसं होणार हा प्रश्न घरात उभा करत नाही. आपल्याकडे 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. त्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून किती डोळे ओले होतात? होमरसाठी वाहिलेलं पाणी तिथवर पोहोचत नसेल, तर ते पाणी खोटं म्हणावं का? मी म्हणणार नाही. पण ते अर्ध्या वाटेत आटलं, एवढं तरी म्हणावंच लागेल.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक कठोर आहे. माणसं मरत असताना मांजरासाठी काय रडायचं? आमच्या भागात हा आक्षेप पुस्तकी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत जवळपास 8 हजार माणसं गेली. जनावरंही हजारोंनी गेली, आणि त्यांची मोजदाद झाली, कारण भरपाई द्यायची होती. त्या तक्त्यात मांजराचा रकाना नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं.

ओसरीवर येणाऱ्यांत एक आजी होत्या. त्यांचं माहेर भूकंपाच्या पट्ट्यातलं. पुस्तकातल्या मनोऱ्यांचा प्रसंग सांगून झाला, धुळीनं भरलेल्या शहरात ती बाई मांजरांकडे परत जाते तो, आणि आजी पदरानं तोंड झाकून बसल्या. मग हळूहळू बोलल्या. भूकंपानंतर त्या माहेरी गेल्या तेव्हा घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि ढिगावर घरातली मांजर बसलेली. मागचा पाय निकामी झालेला. हाकलली तरी जाईना. आजींनी तिला पदरात घेऊन माकणीला आणलं. ती तीन पायांवर सहा वर्षं जगली आणि गेली. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. भाऊ-भावजय गेलेली असताना मांजरीचं नाव कोणत्या तोंडानं घ्यायचं, असं त्यांनी मलाच विचारलं. भाऊ-भावजयीसाठी त्या वेळी डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. मांजर मेली त्या दिवशी मात्र पोटभर रडल्या, आणि ते रडणं एकट्या मांजरीचं नव्हतं.

माणसांचं दुःख आणि मुक्या जिवाचं दुःख यांत भांडण लावणाऱ्यांनी या आजींचं ऐकायला हवं. मोठं दुःख पुष्कळदा दारातून आत येऊच शकत नाही. ते लहान दुःखाच्या खिडकीतून येतं. जगभरच्या ज्या वाचकांना होमरनं रडवलं, त्यांतले किती जण खरोखर केवळ होमरसाठी रडले असतील, हा प्रश्न म्हणूनच मला पडतो.

आणि हे सगळं परदेशातून आलेलं हळवेपण आहे, असंही कोणी समजू नये. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी 1908 साली आपलं मांजर गेल्याची रीतसर पत्रं मित्रांना पाठवली होती, ते सोडून देऊ. आपल्याच घरात पाहू. महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’त राका कुंभाराची कथा आहे. आव्यात मडकी रचली, आग लावली, आणि मग कळलं की एका कच्च्या मडक्यात मांजरीची पिल्लं होती. मांजरी धगधगत्या आव्याभोवती ओरडत फिरते आहे आणि राका-बंका देवाचा धावा करताहेत. आवा उघडला तेव्हा ते एक मडकं कच्चं राहिलं होतं आणि पिल्लं जिवंत होती. आमच्या तेरणेच्याच काठी, वर तेरला, गोरोबाकाकांचं गाव. कुंभार संतांच्या या मुलखात कीर्तनातून ही कथा ऐकताना आयाबाया पिढ्यान् पिढ्या डोळे पुसत आल्या आहेत. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातही आई गेल्यावर घरातलं मांजर अन्न सोडतं आणि तिच्या मागोमाग जातं. ज्या पुस्तकानं उभ्या महाराष्ट्राला रडवलं, त्यात मांजराच्या मरणालाही जागा आहे, हे आपण विसरून गेलो आहोत.

राकाच्या कथेचा शेवट पिल्लं वाचण्यापाशी होत नाही. त्या दिवसानंतर त्यानं आपलं घरदार लुटवून टाकलं, असं महिपती सांगतात. आपल्याला एवढं कोण सांगतो! पण कथा ऐकून डोळे पुसल्यावर हात रिकामे ठेवायचे नसतात, इतका बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. व्हरांड्यात बसवलेलं पोर मैदानात सोडावं. रांगेतल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्यावी. आणि एखादी म्हातारी तीस वर्षांनी मांजरीची गोष्ट सांगू लागली, तर माणसांचं काय झालं ते विचारण्याची घाई न करता, मांजर कोणत्या रंगाची होती ते आधी विचारावं.