जुनी छोटी ‘एसयूव्ही’ घ्यावी का? भरवसा मॉडेलचा नव्हे, त्या एका गाडीचा

वस्तू व सेवा कराच्या रचनेत २२ सप्टेंबर २०२५ पासून झालेल्या बदलामुळे नव्या छोट्या मोटारी स्वस्त झाल्या. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसी, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत असलेल्या वाहनांवर पूर्वी २८ टक्के कर आणि वर उपकर होता. तो आता १८ टक्के आहे. या बदलाचा परिणाम जुन्या वाहनांच्या बाजारावरही होणे अटळ होते, कारण जुन्या गाडीचा भाव नेहमी नव्या गाडीकडे पाहूनच ठरतो. विक्रेता अजून आधीच्या हिशेबाने किंमत सांगत असेल, तर घासाघिशीला पुरेशी जागा आहे. तथापि किमतीचा प्रश्न नंतरचा. समोर उभी असलेली गाडी पुढची पाच-सहा वर्षे विनातक्रार धावेल का, हे आधी ठरवावे लागते.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ग्राहक कंपनीच्या नावात शोधतात. नवी गाडी घेताना ते योग्यही आहे. पण सहा-सात वर्षे वापर झाल्यावर एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्यांमध्ये जेवढे अंतर पडते, तेवढे कित्येकदा दोन कंपन्यांच्या गाड्यांतही नसते. एक गाडी वेळेवर तेल बदलून महामार्गावर धावलेली असते, दुसरी शहराच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर झिजलेली असते. म्हणून मॉडेलची ख्याती ही केवळ सुरुवात समजावी. निर्णय घ्यायचा तो कागदपत्रे, गाडीचा पत्रा आणि चालते इंजिन एकच हकिगत सांगतात की नाही, हे पाहून.

छोटी एसयूव्ही हा प्रकार भारतात कररचनेतूनच रुजला. छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २००६ च्या अर्थसंकल्पात कमी झाले आणि चार मीटरची मर्यादा उद्योगाला सोन्याची रेघ ठरली. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये, तर ह्युंदाईची व्हेन्यू आणि महिंद्राची एक्सयूव्ही ३०० ही दोन्ही वाहने २०१९ मध्ये बाजारात आली. आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शोधात असलेल्या गाड्यांत यांची संख्या मोठी आहे. यातील नेक्सॉन रांजणगावची आणि एक्सयूव्ही ३०० नाशिकची.

मॉडेल निवडताना एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी, ती म्हणजे सुटे भाग आणि ते बसवणारे हात जवळपास मिळतात का. पहिल्या ब्रेझामधील १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळचे फियाटचे. तेच इंजिन स्विफ्ट, डिझायर आणि इतर अनेक गाड्यांत असल्यामुळे तालुक्याच्या गावातील मिस्त्रीलाही त्याची नस ठाऊक असते. उलट फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. इकोस्पोर्ट चालवायला उत्तम गाडी आहे, पण ती घेण्यापूर्वी आपल्या शहरात तिची सर्व्हिस कोण करतो, याची चौकशी केलेली बरी. महिनाभर एका सेन्सरची वाट पाहत गॅरेजमध्ये उभी राहणारी गाडी कितीही दणकट असली, तरी तिला भरवशाची म्हणता येत नाही.

खरी तपासणी गाडी पाहण्याआधी, कागदांपासून सुरू होते. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर निर्मितीचा महिना व वर्ष असते. डिसेंबरमध्ये तयार होऊन पुढच्या वर्षी नोंदलेली गाडी जाहिरातीत एक वर्षाने तरुण होते. किंमत निर्मितीच्या वर्षावरून ठरवावी. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवर किंवा एमपरिवहन ॲपवर विम्याची व पीयूसीची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो, थकीत ई-चलानही ऑनलाइन तपासता येते. बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसीवरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावरही पडताळता येते.

सर्वाधिक फसवणूक होते ती किलोमीटरच्या आकड्यात. मीटर डिजिटल झाला म्हणून तो मागे फिरवता येत नाही, हा समज खोटा आहे. छोट्या यंत्राने काही मिनिटांत आकडा बदलता येतो. म्हणून त्या आकड्याला दुसरे साक्षीदार हवेत. त्यातला सर्वांत बळकट साक्षीदार म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले असतात. विक्रेत्याला सोबत घेऊन, शक्यतो मूळ मालकाच्या संमतीने, तो इतिहास छापून घ्यावा. नोंदी तीन वर्षांनंतर अचानक थांबल्या असतील, तर पुढे सर्व्हिसिंग कुठे झाले हे विचारावे. ‘बाहेर करत होतो’ हे उत्तर खरे असू शकते, मात्र त्याची बिले असायला हवीत.

दुसरा साक्षीदार टायर. टायरच्या बाजूवर चार अंकी संकेत असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मोटारीचे टायर साधारणपणे ४० ते ५० हजार किलोमीटर चालतात. मीटर ३२ हजार दाखवत असेल आणि चारही टायर गाडीहून चार वर्षांनी लहान असतील, तर या दोघांपैकी एक जण खोटे बोलत आहे. स्टेअरिंगची गुळगुळीत झालेली कड, ब्रेकच्या पायटीचे झिजलेले रबर आणि चालकाच्या आसनाची दबलेली बाजू हेही याच प्रश्नाची उत्तरे देतात. नव्याकोऱ्या सीट कव्हरचे कौतुक करण्याआधी ते उचलून पाहावे.

विम्याचा कागद बहुतेक जण फक्त मुदत पाहण्यापुरता वाचतात, वास्तविक त्यात गाडीच्या अपघातांचा मागमूस दडलेला असतो. वर्षभर दावा न केल्यास विमाधारकाला ‘नो क्लेम बोनस’ मिळतो; तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. पाच वर्षे वापरलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य असेल, तर अलीकडे दावा झाला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा तो कशासाठी होता, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. हा पुरावा निर्णायक मात्र नाही. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे तो आधीच्या गाडीवरून आलेलाही असू शकतो, आणि बोनस अबाधित ठेवणारे जादा संरक्षणही विकत मिळते.

अपघात झालेली प्रत्येक गाडी टाकाऊ नसते. शहरात वापरलेल्या गाडीचा बंपर किंवा दरवाजा रंगवलेला असणे स्वाभाविकच आहे. चिंता असावी ती सांगाड्याला बसलेल्या माराची. बॉनेट उघडून मडगार्डच्या बोल्टकडे पाहावे. त्यावरील रंग पान्याने उडाला असेल, तर तो भाग एकदा तरी निघालेला आहे. रेडिएटरमागची पट्टी, इंजिनच्या दोन्ही बाजूंचे पत्रे आणि डिकीतील स्टेपनीचा खड्डा येथे कारखान्यातील वेल्डिंगचे ठिपके समान अंतरावर आणि स्वच्छ असतात. तेथे लांबी भरलेली, घासलेली किंवा ओबडधोबड जोडणी दिसली, तर व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो विझत नसेल, तर बिघाड आहे. तो लागतच नसेल, तर गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण उडालेली एअरबॅग न बदलता दिव्याचीच जोडणी तोडली असण्याचा संशय घ्यावा लागतो.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हा त्याहून अवघड प्रकार. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये, चिपळूणला २०२१ मध्ये, चेन्नईला २०२३ च्या डिसेंबरमध्ये आणि वडोदऱ्याला २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पाणी ओसरल्यावर धुऊन-पुसून उभी केलेली गाडी परराज्यात गेली, की तिचा पूर्वेतिहास पुसला जातो. बाहेरून ती चकचकीत असते. वायरिंगच्या जोडांतील गंज आपला प्रताप सहा महिन्यांनी दाखवतो. यासाठी सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावा, तळाशी गाळाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या रुळांवरील गंज, गालिच्याखालचा ओलसर वास आणि फ्यूजच्या पेटीतील माती याही खुणा ध्यानात ठेवाव्यात. नोंदणी पूरग्रस्त शहरातील असेल, तर त्या काळातील सर्व्हिसच्या नोंदी मुद्दाम मागाव्यात.

गाडी चालवून पाहायची ती सकाळी, इंजिन थंड असताना. विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच कळते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळत आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत झिरपत असल्याची शंका घ्यावी. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढला आणि वेग तेवढाच राहिला, तर क्लच प्लेट संपत आली आहे. गिअर स्वयंचलित असल्यास मोकळ्या रस्त्यापेक्षा गर्दीतील संथ चालीत त्याची परीक्षा होते. कोरड्या दुहेरी क्लचचे गिअरबॉक्स कोंडीत तापतात, आणि झटके किंवा थरथर तेथेच जाणवते.

डिझेल गाड्यांबाबत आणखी एक प्रश्न आहे. बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी अधूनमधून सलग, पुरेशा वेगाने धावावी लागते. रोज चार किलोमीटरची शाळा-बाजार फेरी करणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच बीएस-६ डिझेलच्या वाट्याला न जाणे उत्तम. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल, तर तिला २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन चालते का, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

दिल्ली परिसरातून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांचे आकर्षण देशभर आहे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशांनी कारवाईला काही प्रमाणात आवर बसला. गाडी स्वस्त असण्याचे कारण हे निर्बंध असतील, तर ती वाईट असेलच असे नाही. मात्र मूळ आरटीओचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातील कर आणि नवा क्रमांक हा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी. गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे. बदलीच्या नोकरीमुळे इंदूर, हैदराबाद किंवा बंगळुरूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गावाकडची गाडी घेताना हा हिशेब आधी करावा.

एवढे पाहिल्यावरही शेवटची नजर आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकची असावी. गाडी लिफ्टवर चढवून आणि ओबीडी स्कॅनर लावून होणाऱ्या तपासणीचा खर्च एकूण व्यवहाराच्या मानाने नगण्य आहे. स्कॅनरवर एकही दोष न दिसणे हीदेखील पूर्ण हमी नव्हे. नोंदी आदल्या दिवशी पुसल्या असतील, तर तेही जाणकार मेकॅनिकला कळते. अशा तपासणीला विक्रेता नकार देत असेल, तर पुढे बोलण्यासारखे फार काही उरत नाही.

तपासणीत निघालेले दोष हे नाकारण्याचे कारण असते किंवा भाव कमी करण्याचे. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर ही झीज आहे. तिची किंमत मोजता येते. समजा, गाडीचा भाव साडेसहा लाख आहे आणि टायर, क्लच, विमा व हस्तांतरण मिळून ७० हजार लागणार आहेत, तर ती गाडी ७ लाख २० हजारांची आहे. नव्या गाडीच्या आजच्या किमतीशी तुलना या आकड्याची करावी. वाकलेला सांगाडा, बुडालेले वायरिंग आणि न जुळणारा चेसिस क्रमांक यांना मात्र कोणतीच सवलत पुरत नाही.

व्यवहार ठरल्यावर कोऱ्या नमुना २९ व ३० वर सह्या घेऊन गाडी नेण्याची पद्धत अजून रूढ आहे. ती दोन्ही पक्षांना महागात पडू शकते. हस्तांतरणाची नोंद झाली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले. कायद्याच्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यातील तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते.