मेंदूचे पहारेकरी

छत्रपती संभाजीनगरांत पाणी घरोघरीं सांठवून ठेवावें लागतें, आणि सांठवणीच्या पाण्यांत वाढणाऱ्या डासाबरोबर येणारा डेंग्यूचा ज्वर तेथें कोणास नवा नाहीं. डेंग्यूच्या विषाणूचा एक भाऊबंद मात्र रक्तांतच न थांबतां मेंदूंत शिरतो. त्यानें होणाऱ्या रोगास जपानी मेंदूज्वर म्हणतात. भातखाचरांत वाढणारे डास हा विषाणु पसरवितात. डुकरें व बगळे यांच्या शरीरांत तो पोसला जातो. भारतांत हा रोग प्रथम १९५५ सालीं वेलोर भागांत ओळखला गेला. बाधा झालेल्यांपैकीं फारच थोड्यांच्या मेंदूस सूज येते. परंतु ज्यांस येते त्यांपैकीं शेंकडा ३० पर्यंत रोगी दगावतात, आणि वांचलेल्या कित्येक मुलांस कायमचें अपंगत्व येतें.

हा सर्व नाश एकटा विषाणु करितो काय? नाहीं, असें संशोधन सांगतें. मेंदूंत मायक्रोग्लिया नांवाच्या रक्षक पेशी असतात. त्यांच्या आवरणांत ‘क्लेक-५-ए’ नांवाचें एक ग्राहक प्रथिन रुतलेलें असतें. त्याचें बाहेरील टोंक विषाणूस धरतें; आंतील टोंक आंखूड असल्यामुळें ‘डॅप-१२’ नांवाचें दुसरें प्रथिन ती वार्ता पेशींत पोंचवितें. दिंडीदरवाजाची कडी वाजावी आणि देवडीवरल्या शिपायानें आंत वर्दी द्यावी, तसाच हा प्रकार. वर्दी पोंचतांच पेशी दाहक द्रव्यें सोडते. हीं द्रव्यें शत्रूसाठीं असलीं तरी घरचा व परका हा भेद तीं जाणत नाहींत. शेजारच्या निरोगी मज्जापेशीही त्यांत मरतात. रक्त व मेंदू यांमधील आडपडदा सैल होतो, आणि विषाणु वाहणाऱ्या आणखी पेशी आंत येतात.

हेंच प्रथिन डेंग्यूच्या विषाणूसही धरतें, असें तैवानमधील संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें, व २०१२ सालीं मेंदूज्वरांतील त्याचें कार्य उजेडांत आणलें. बाधित उंदरांस या प्रथिनास अडविणारीं प्रतिपिंडें दिलीं असतां मेंदूंतील दाह उतरला, आडपडदा टिकला व मृत्यु घटले. वांचलेल्या उंदरांत पुढें त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्तीही दिसून आली. पहारेकऱ्यास आवरणें आणि घर उघडें टाकणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्याचा अर्थ.

हा उपाय मनुष्यापर्यंत अद्याप आलेला नाहीं. मेंदूज्वराचा विषाणु मारणारें खास औषध आजही नाहीं. खात्रीचा आधार लशीचा. कोलार येथें सांपडलेला व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें पुरविलेला विषाणु घेऊन तयार झालेली भारतीय लस २०१३ सालीं प्रचारांत आली. ती रक्षकांस शत्रूची ओळख आधींच करून देते. मग मेंदूच्या दाराशीं कडी वाजण्याची वेळ सहसा येत नाहीं.