पोराला डिस्लेक्सिया आहे, मग होस्टेलला टाकायचं का? मुरुमच्या पालकांनी फी भरण्याआधी हे वाचा

'तारे जमीं पर' बघून डोळ्यात पाणी आलं नाही असा माणूस सापडणं अवघड. डिसेंबर २००७ मध्ये पिक्चर आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द आपल्या घराघरात पोचला. पण या पिक्चरमुळं एक गडबडही झाली. ईशान अवस्थीला वाचता येत नाही, वडील त्याला बोर्डिंगला टाकतात आणि शेवटी तो तिथंच सुधारतो. बऱ्याच जणांच्या डोक्यात एवढंच राहिलं, की असल्या पोराला लांबच्या शाळेत ठेवलं की ते मार्गी लागतं.

पिक्चर परत एकदा नीट बघा. बोर्डिंगला गेल्यावर ईशान आधी आणखी खचतो. जे चित्र काढणं त्याचा जीव होता, तेही सोडतो. शूटिंग झालं ते पाचगणीच्या न्यू एरा हायस्कूलमध्ये, म्हणजे शाळा दिसायला एकदम झकास. तरी उपयोग शून्य. फरक पडतो तो निकुंभ सर आल्यावर. ते सर तिथं चित्रकलेचे आणि तेसुद्धा टेंपररी. ते त्याला वाळूत अक्षरं गिरवायला लावतात, मातीची अक्षरं करायला लावतात, पायऱ्यांवर चढउतार करत गणित शिकवतात. थोडक्यात, पोराला होस्टेलनं वर काढलं नाही, शिकवण्याच्या पद्धतीनं काढलं.

आता हे सगळं मुरुमला का सांगायचं? कारण आपल्याकडं पोरगं होस्टेलला ठेवणं ही काही नवी गोष्ट नाही. सोलापूर-हैदराबाद हायवेला मुरुम मोडवर उभं राहिलं की एका बाजूला सोलापूर, दुसऱ्या बाजूला उमरगा आणि वर लातूर. दहावी झाली की 'लातूर पॅटर्न'साठी रूम बघायची, त्याआधी नवोदयची परीक्षा द्यायची, नाहीतर सैनिकी शाळा. घरात पोरगं अभ्यासात मागं पडलं की पहिला सल्ला येतो तो होस्टेलचाच. मग कुणीतरी एखाद्या 'स्पेशल निवासी शाळे'चं माहितीपत्रक पाठवतं आणि घरचे लाखाच्या फीचा हिशोब करायला बसतात.

फी भरण्याआधी मूळ विषय समजून घेऊ. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी असणं नाही. डोळ्यांचा दोष नाही आणि आळस तर अजिबात नाही. १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञानं हा शब्द वापरला. पुढं कळत गेलं की अडचण डोळ्यात नसते. मेंदू आवाज आणि अक्षर यांची जी जोडी लावतो, तिथं असते. पोरगं दुकानाचा हिशोब तोंडी करेल, ट्रॅक्टरचा बिघाड ओळखेल, गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगेल. पण बालभारतीचं पुस्तक पुढं ठेवलं की घाम फुटतो.

मराठीत हे कसं दिसतं? 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांची अदलाबदल होते. काना-मात्रा गळतात. जोडाक्षर आलं की गाडी अडते. पहिली वेलांटी तर खास त्रास देते, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. पण खरी मेख वेगळीच आहे. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणं चालते. त्यामुळं चौथी-पाचवीपर्यंत अनेक मुलं रखडत का होईना, बरोबर वाचतात. चूक दिसत नाही, फक्त वेग दिसतो. आणि हळू वाचणाऱ्या पोराला आपण 'मंद' म्हणून मोकळे होतो.

मुरुममध्ये यात आणखी एक गुंता आहे. पलीकडं लगेच कर्नाटकातला आळंदचा भाग. इथल्या कित्येक घरात कन्नड बोलतात, कित्येक घरात दखनी. अशा घरातलं मूल मराठी शाळेत अडखळलं तर तो डिस्लेक्सियाच असेल असं नाही. कदाचित त्याला भाषाच अजून पुरती आलेली नसेल. उलटंही होतं. 'घरी कन्नड बोलतात म्हणून मागं आहे' असं म्हणत खरा डिस्लेक्सिया वर्षानुवर्षं झाकला जातो. म्हणून तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची चाचणी तयार केली. २०१५ मध्ये ती आली तेव्हा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड या चार भाषांत होती. मुरुमच्या पोरासाठी याहून बरी जोडी कुठली? तपासणाऱ्याला थेट विचारा, 'चाचणी कोणत्या भाषेत घेणार?' फक्त इंग्रजीत घेणार असतील तर झेडपीच्या शाळेतल्या मुलाबद्दल त्यातून फारसं काही कळणार नाही.

सुरुवात कुठून करायची? उमरग्याच्या गटसाधन केंद्रातून. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. दुसरा रस्ता सरकारी दवाखान्याचा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि त्यातल्या आजारांच्या यादीत अध्ययनातली अडचणही आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. पोरगं नीट ऐकूच शकत नसेल तर पुढचं सगळं वाया.

प्रमाणपत्राचा भाग महत्त्वाचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता धरली आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी होते. २०२४ मध्ये या सूचना सुधारल्यात, त्यामुळं ताजी पद्धत जिल्हा रुग्णालयातच विचारा. खासगी मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट उपचाराला चालतो, पण सवलतीला सरकारमान्य बोर्डाचा कागद लागतो. हा कागद आला की दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. महाराष्ट्र यात आधीपासून पुढं आहे, १९९६ पासून इथं परीक्षेत सवलती सुरू आहेत. दुःख एवढंच, की त्या मुंबईत जेवढ्या घेतल्या गेल्या तेवढ्या मराठवाड्यात पोचल्या नाहीत, असं आम्हाला वाटतं.

मग स्पेशल होस्टेल असतं तरी का?

जगात असतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९२६ मध्ये पीटर गाऊ यांनी सुरू केलेली गाऊ स्कूल ही डिस्लेक्सियाच्या मुलांसाठीचीच निवासी शाळा. मेंदूचे डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन यांच्या कामाचा तिला आधार होता. तिथं वाचन शिकवणं हाच शाळेचा मुख्य धंदा.

आपल्याकडं 'विशेष निवासी शाळा' म्हटलं की समोर येतात त्या मुख्यतः अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळा. यांची गरज आहेच, प्रश्नच नाही. पण डिस्लेक्सियाचं मूल बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत गेलं तर त्याचा अभ्यासक्रम बदलतो, दहावीची वाट अरुंद होते आणि ज्या वाचनासाठी पाठवलं ते बाजूलाच राहतं. ही चूक माहितीअभावी होते आणि तिची किंमत मूल भरतं. प्रवेश घ्यायच्या आधी विचारा, शाळेची नोंदणी नेमक्या कोणत्या प्रवर्गासाठी आहे. दिव्यांगांच्या संस्थांना नोंदणी लागते, त्यामुळं तो कागद दाखवायला शाळेनं आढेवेढे घ्यायचं कारण नाही.

दुसरा प्रकार म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या महागड्या निवासी शाळा, ज्यांच्या माहितीपत्रकात 'लर्निंग सपोर्ट' असं एक पान असतं. काही ठिकाणी खरंच चांगलं काम चालतं. काही ठिकाणी ते पान म्हणजे आठवड्यातून एकदा येणारे समुपदेशक. पण मराठी शाळेतलं पोर तिथं टाकताना एक विचार करा. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांच्या स्पेलिंगमध्ये फक्त पहिलं अक्षर वेगळं, आणि उच्चार बघा. ज्याला आवाज आणि अक्षर जुळवताच येत नाही, त्याला आपण सोप्या लिपीतून उचलून अवघड लिपीत बसवतोय.

चेन्नईत मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशनचं 'अनन्या' नावाचं केंद्र आहे. तिथं मूल साधारण एक-दोन वर्षं पूर्णवेळ शिकतं आणि आपल्या नेहमीच्या शाळेत परत जातं. आम्हाला हा विचार जास्त पटतो. परत यायची तारीख जाण्याआधी डोळ्यासमोर पाहिजे. मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन तपासणी, उपचारात्मक शिक्षण आणि शिक्षकांचं प्रशिक्षण करते. मुरुमहून मुंबई लांब आहे, पण गावातल्या एखाद्या शिक्षिकेला तिथं पाठवून तयार केलं तर? एका पोराच्या वर्षभराच्या होस्टेल फीपुढं हा खर्च काय असेल, याचा हिशोब पालकांनी एकत्र बसून करून बघावा.

तरीही होस्टेल बघायचंच असेल, तर इमारत, स्विमिंग पूल, घोडे वगैरे शेवटी बघा. आधी विचारा, माझ्या पोराला वाचायला शिकवणार कोण? त्या माणसाकडं विशेष शिक्षणाची पदवी किंवा पदविका आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. नंबर मागा, लाजू नका. तो रोज शिकवतो की आठवड्याला? एका वेळी किती मुलं? दोन-तीन मुलांचा गट वेगळा आणि पंचवीस मुलांचा 'स्पेशल वर्ग' वेगळा. गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलाची प्रगती नाव झाकून दाखवा म्हणावं. जूनमध्ये मिनिटाला किती शब्द वाचत होतं, मार्चमध्ये किती? 'आत्मविश्वास वाढला' हे उत्तर पुरेसं नाही. शिकवायची पद्धतही बघा. आवाज, अक्षर, शब्द असं पायरीपायरीनं, बोलून, गिरवून, हात लावून शिकवतात का? की फळ्यावरून दहा वेळा उतरवून घेणं चालू आहे?

आणि एक गोष्ट जी कुणीच विचारत नाही. होस्टेलवर तक्रारपेटी असते. नऊ वर्षांच्या ज्या पोराला लिहिताच येत नाही, ते त्यात काय टाकणार? त्याला कुणी चिडवलं, मारलं, कुणी वाईट वागलं, तर ते चिठ्ठी लिहू शकत नाही, मेसेज करू शकत नाही. त्याला फक्त बोलता येतं. म्हणून फोनचा नियम काय आहे ते लेखी घ्या. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, आणि शेजारी वॉर्डन उभा असतो का. पोराचं घरचं बोलणं कन्नड किंवा दखनी असेल, तर तिथं ती भाषा कळणारं एक तरी मोठं माणूस आहे का, हेही विचारा.

निर्णय काहीही होवो, पोराला कारण खरं सांगा. ईशानला वाटतं आपल्याला शिक्षा म्हणून इथं टाकलंय, आणि घरी कुणी त्याला वेगळं काही सांगितलेलंच नसतं. शाळा बघायला जाताना त्याला सोबत न्या, एक दिवस वर्गात बसू द्या. त्या दिवशी तपासणीच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन जा. मूळ प्रमाणपत्र कुठल्याही ऑफिसात जमा करू नका. दहावीचा फॉर्म भरताना ते लागतं आणि तोपर्यंत ते पोरगं कुठल्या शाळेत असेल हे आज कुणालाच माहीत नाही.