अहिल्यानगर शहरातील स्थानिक पोलीस यंत्रणा आणि गुन्हेगारीच्या प्रवाहाचे आकलन

प्रस्तावना

पूर्वीचा अहमदनगर, म्हणजेच २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक असून तीमधील सुमारे एक पंचमांश लोक नागरी भागात राहतात. नगर शहरात २००३ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. तथापि पोलीस प्रशासनाच्या दृष्टीने हे शहर आजही जिल्ह्याचाच एक भाग आहे. पुणे किंवा नाशिकप्रमाणे येथे पोलीस आयुक्तालय नाही. चौदा तालुक्यांची जबाबदारी एका पोलीस अधीक्षकावर असून श्रीरामपूर येथे अपर अधीक्षकाचे कार्यालय आहे. प्रस्तुत लेखात या रचनेचा, तसेच दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या गुन्हेविषयक आकड्यांच्या अर्थाचा विचार केला आहे.

शहराची पोलीस रचना

नगर शहराचा कारभार प्रामुख्याने कोतवाली, तोफखाना, भिंगार कॅम्प व एमआयडीसी या ठाण्यांतून चालतो. पहिल्या तीन नावांत शहराचा इतिहासच साठलेला आहे. निजामशाहीच्या राजधानीचा कोतवाल, तोफखान्याची वस्ती आणि इंग्रजांची लष्करी छावणी यांच्या खुणा ठाण्यांच्या पाट्यांवर अद्याप टिकून आहेत. जुनी बाजारपेठ कोतवालीकडे, तर सावेडीची वाढती उपनगरे तोफखान्याकडे येतात. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, मनमाड व कल्याण या दिशांचे रस्ते शहरात एकत्र येत असल्याने वाहनचोरी, सोनसाखळी ओढून नेणे, रस्त्यावरील लूट यांसारख्या गुन्ह्यांतील आरोपीस अल्पावधीत जिल्ह्याबाहेर पडता येते. अशा गुन्ह्यांचा माग काढण्यासाठी स्थानिक गुन्हे शाखा ठाण्यांच्या हद्दी ओलांडून काम करते.

आयुक्तालय नसण्याचा परिणाम प्रतिबंधक कारवाईत विशेषत्वाने जाणवतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ अन्वये एखाद्या व्यक्तीस हद्दपार करावयाचे असल्यास आयुक्तालयाच्या क्षेत्रात तो निर्णय पोलीस अधिकारीच घेतात. नगरमध्ये मात्र पोलिसांनी प्रस्ताव पाठवावयाचा आणि निर्णय महसूल खात्यातील दंडाधिकाऱ्याने द्यावयाचा, अशी पद्धत आहे. यात विलंब होतो हे खरे. परंतु आरोप करणारा व निर्णय देणारा भिन्न असणे ही नागरिकाच्या दृष्टीने लहान बाब नव्हे. शिवाय दोन वर्षांपर्यंत हद्दपार केलेली व्यक्ती नाहीशी होत नाही, ती शेजारच्या जिल्ह्यात जाते. एका जिल्ह्याच्या तक्त्यात घटलेला गुन्हा दुसऱ्याच्या तक्त्यात वाढू शकतो.

आकडा कसा तयार होतो

गुन्ह्यांची आकडेवारी ही घडलेल्या नव्हे, तर नोंदलेल्या गुन्ह्यांची असते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले. तरीही बाजारात खिशातून गेलेला मोबाइल ‘चोरीस गेला’ याऐवजी ‘गहाळ झाला’ असा नोंदला की तो चोरीच्या तक्त्यात येतच नाही. सबब एखाद्या ठाण्यात चोऱ्यांचा आकडा वाढला, तर त्याचा अर्थ चोर वाढले असाही होतो आणि ठाणे अंमलदार प्रामाणिकपणे तक्रारी लिहून घेऊ लागला असाही होतो. आकडे घटले म्हणून अधिकाऱ्याचा गौरव करण्याची प्रथा या दुसऱ्या शक्यतेवर अन्याय करते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने तुलना अधिकच अवघड झाली आहे. पूर्वी चोरी वा जबरी चोरीत मोडणारी झपटमारी आता कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा ठरते. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी नव्या प्रक्रिया संहितेत अदखलपात्र वर्गात गेली आहे. त्यामुळे २०२३ व २०२५ च्या तक्त्यांतील ‘चोरी’ हा शब्द एकच असला तरी त्याखालील घटना त्याच नाहीत.

आर्थिक गुन्ह्यांच्या बाबतीत आकड्याची मर्यादा सर्वाधिक उघड होते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. कर्जवाटपातील गैरव्यवहाराचा तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. हजारो ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या बचतीशी निगडित असे प्रकरण वार्षिक तक्त्यात एक-दोन अंकांनीच भर घालते. तेवढीच भर दोन दुचाकी चोरीस गेल्यानेही पडते.

नोंदीपासून निकालापर्यंत

जिल्ह्याचे नाव देशभर ज्या घटनांमुळे गाजले त्या शहरातील नव्हेत. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातील सोनई परिसरात झालेले तिहेरी हत्याकांड, एप्रिल २०१४ मधील जामखेड तालुक्यातील खर्डा येथील दलित विद्यार्थ्याची हत्या आणि जुलै २०१६ मधील कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथील अत्याचार व खून ही प्रकरणे ग्रामीण होती. कोपर्डीतील तिघांना नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. त्याच महिन्यात, त्याच शहरात, खर्डा प्रकरणातील आरोपी निर्दोष सुटले. महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले होते. गुन्हा नोंदला गेला, अटक झाली, दोषारोपपत्रही दाखल झाले. म्हणजे पोलिसांच्या तक्त्यात दोन्ही प्रकरणे ‘उघडकीस आलेली’ आहेत. साक्षीदाराला गावात पुन्हा राहावयाचे असते, ही गोष्ट त्या तक्त्यात कोठेही उमटत नाही.

याच्या उलट बाजूस संशयाचा प्रश्न आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण घरफोडी वा दरोडा पडताच जवळच्या पारधी वस्तीवर जाण्याची सवय रद्द झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंग नियमावल्यांतील जातिनिष्ठ तरतुदी रद्द करताना विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, याकडेही पोलिसांचे लक्ष वेधले. ज्या वस्तीची वारंवार झडती होते तेथून अटका अधिक होतात, आणि अटका अधिक म्हणून पुढील झडतीही तेथेच होते. सावेडीतील बंद बंगला कोणी फोडला याचा तपास बोटांच्या ठशांपासून सुरू झाला की वस्तीच्या नावापासून, हे त्या अटकेच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी प्रत्येक गुन्ह्याची तपास डायरीच वाचावी लागते.