अरण्य आणि ओहोटी

आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांस समुद्र ठाऊक तो भूगोलांतलाच. म्हणून शनिवार-रविवार एका स्नेह्यासह काशीदला गेलों. पाठीशीं फणसाडचें रान. जंजिऱ्याच्या नबाबांचें हें शिकारीचें अरण्य १९८६ सालीं अभयारण्य झालें. तेथें शेकरू पाहिला.

रविवारीं स्नेही पोहावयास निघाले. “अहो मास्तर, काल याच वेळीं भरती लागली होती!” मीं हात धरला. चोवीस तासांत चंद्र पुढें सरकतो. त्याला गांठावयास पृथ्वीस सुमारें ५० मिनिटें अधिक फिरावें लागतें. भरतीही तितकीच लांबते. कालच्या भरतीच्या घटकेस आज ओहोटीच चालू होती, आणि ओहोटीचें पाणी माणसास आंत ओढतें. तेव्हां घड्याळापेक्षां कोळ्यास विचारावें, मगच पाण्यांत उतरावें.