वस्तीतील मनोविकारांची मोजदाद

एखाद्या वस्तीत हिवतापाचे रोगी किती आहेत, हे रक्ताच्या तपासणीने ठरविता येते. मनोविकारांच्या बाबतीत अशी सोय नाही. प्रशिक्षित कार्यकर्त्याला घरोघर जाऊन ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे माहिती घ्यावी लागते. केवळ रुग्णालयांच्या नोंदींवरून काढलेला आकडा नेहमीच तोकडा पडतो, कारण बहुसंख्य रोगी तेथवर पोहोचतच नाहीत.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. तंबाखूचे व्यसन वगळता 10.6 टक्के प्रौढ त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त असल्याचे त्यात आढळले. महानगरांत हे प्रमाण 14.7 टक्के होते. विकारपरत्वे 70 ते 92 टक्के रोग्यांना उपचार मिळत नव्हते.

आता दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातील, सेक्टरांत विभागलेल्या द्वारका उपनगराचा विचार करू. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या 12 राज्यांत दिल्लीचा समावेश नव्हता. म्हणून या सर्वेक्षणाच्या आधारे द्वारकेविषयी काही म्हणायचे, तर इतरत्र मिळालेले प्रमाण उसने घ्यावे लागते. 1 लाख प्रौढांच्या वस्तीला देशाची सरासरी लावली, तर रोग्यांची संख्या 10,600 येते. महानगरांचे प्रमाण लावले, तर 14,700. हा 4,100 माणसांचा फरक केवळ कागदावरचा नव्हे. किती डॉक्टर नेमावेत आणि किती औषधे पुरवावीत, हे त्यावरच अवलंबून असते.

मग प्रत्येक वस्तीची स्वतंत्र पाहणी का करू नये? अडचण नमुन्याच्या आकाराची आहे. यदृच्छेने निवडलेल्या 100 व्यक्तींपैकी 10 जण रोगी आढळले, तरी त्या वस्तीतील खरे प्रमाण सुमारे 5 ते 17 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. विश्वसनीय उत्तरासाठी हजारो मुलाखती हव्यात आणि त्यांचा खर्च मोठा असतो. यासाठी संख्याशास्त्रज्ञ मधला मार्ग काढतात. मोठ्या पाहणीतून वय, लिंग आणि आर्थिक स्थिती यांनुसार प्रमाणे काढायची व जनगणनेवरून कळणाऱ्या स्थानिक लोकरचनेला ती लावायची. वस्तीचे म्हणून जे खास असते, ते मात्र या हिशेबातून निसटते.

घरोघरच्या पाहणीत बेघर माणसे येत नाहीत, आणि लोकलज्जेमुळे काही जण खरे उत्तर टाळतात. म्हणून असा प्रत्येक आकडा वाचताना तो कोणाला विचारून मिळाला आणि कोणाला विचारायचे राहून गेले, हे दोन्ही पाहिले पाहिजे.