थंडीच्या रात्री बाग कशी राखाल?



पौषातली थंडी गव्हा-हरभऱ्याला मानवते. रात्र जितकी गार, तितका गव्हाचा फुटवा चांगला. पण त्याच रात्री बांधापलीकडची केळी, पपई, नवी लावलेली आंब्याची कलमे आणि टोमॅटोचे रोप मात्र आकसून बसते. एकाच शेतात एकाला अमृत आणि दुसऱ्याला विष, असा हा प्रकार आहे. वर्षभर पोटच्या पोरासारखी जपलेली बाग दोन-तीन रात्रींत करपते आणि सावरायला पुढचे सहा महिने जातात. म्हणून थंडी पडण्याआधीच तिची चाल समजून घेतली पाहिजे.

आपल्याकडे एवढी थंडी पडते का, असे कोणी विचारील. पुण्याचेच घ्या. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. नाशिकची द्राक्षे पिकवणाऱ्या निफाडने तर २०१८ च्या डिसेंबरअखेर २ अंशांच्याही खालचा पारा पाहिला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही हिवाळ्यांत दव गोठून पांढरे होते. अशा रात्री दरवर्षी येत नाहीत, पण येतात तेव्हा विचारून येत नाहीत. शिवाय केळी-पपईला इजा व्हायला पाणी गोठण्याची गरज नाही. ही उष्ण मुलखातली झाडे. पारा १० अंशांच्या आसपास उतरला की त्यांची वाढ थांबते, मुळे अन्न उचलत नाहीत, पाने पिवळी पडतात. केळीचा घड बाहेर पडायच्या वेळी अशी थंडी आली, तर तो घशातच अडकतो.

पहाटे बाग का गारठते?

दिवसभर जमीन ऊन पिते आणि रात्री ती ऊब आकाशाकडे सोडून देते. आभाळात ढग असले, तर ते जमिनीवर गोधडीसारखे काम करतात आणि ऊब अडवून धरतात. आकाश निरभ्र असेल, हवा कोरडी असेल आणि वारा पडलेला असेल, तर ऊब सरळ निघून जाते. म्हणून संध्याकाळी वारा थांबला, चांदण्या लखलखीत दिसू लागल्या आणि अंगाला कोरडा गारठा जाणवला, की ती रात्र जागण्याची समजावी. सर्वांत गार वेळ मध्यरात्रीची नसते, ती सूर्योदयाच्या सुमाराची असते.

गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खळग्यात, ओढ्याकाठी साचते. पुणे शहरातही हे दिसते. लोहगाव किंवा मगरपट्ट्याच्या मानाने शिवाजीनगर, पाषाण भागातला पहाटेचा पारा अनेकदा काही अंशांनी खाली असतो. एका गावच्या शिवारातही माळावरची बाग वाचते आणि ओढ्याकाठची करपते, त्याचे कारण हेच. केळी, पपई, आंब्याची नवी लागवड करायची असेल, तर शिवारातला सर्वांत खोल तुकडा टाळावा. बाग आधीच तिथे असेल, तर उताराच्या खालच्या टोकाला असलेले दाट कुंपण मधे मधे मोकळे करावे. म्हणजे साचलेली गार हवा पुढे वाहून जाईल. वाऱ्याच्या बाजूचे शेवरीचे किंवा गवताचे कुंपण मात्र दाटच ठेवावे.

पुण्यात लागलेला एक शोध

शिवाजीनगरच्या चौकातल्या, घड्याळाच्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे आले. पुढे १९३२ साली खात्याचा शेतीसाठीचा स्वतंत्र विभाग पुण्यात सुरू झाला. त्याची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे होती. रात्री जमिनीलगतची हवा कशी निवते, हे रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी त्याच सुमारास बारकाईने मोजले.

तोवर साऱ्या जगाची समजूत अशी, की निरभ्र रात्री सर्वांत गार जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. यांच्या तापमापकांनी वेगळेच सांगितले. उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसून साधारण वीतभर ते हातभर उंचीवर होती. हे परदेशातल्या शास्त्रज्ञांना बरीच वर्षे पटेना. मोजण्यात चूक झाली असेल, असे ते म्हणत. अखेर राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच मोजमाप केले आणि १९५७ साली रामदासांचे म्हणणे खरे असल्याचे लिहिले. पुढे १९९३ साली बंगळुरूच्या रोद्दम नरसिंह यांनी सहकाऱ्यांसह त्याची उपपत्तीही मांडली. शास्त्रात त्या थराला आज रामदासांचेच नाव आहे.

यातून आपण काय घ्यायचे? वीतभर ते हातभर ही उंची कोणाची? टोमॅटो-मिरचीच्या रोपाची, पपईच्या रोपाची, गेल्या पावसाळ्यात लावलेल्या कलमाच्या शेंड्याची. मोठे झाड डोके वर काढून ऊबदार हवेत उभे असते आणि लहान रोप नेमके त्या गार थरात सापडते. म्हणून आधी लहान रोपांची काळजी घ्यावी. नुसते बुडाशी पाचट घालून शेंडा वाचत नाही, त्याला वरून आडोसा लागतो.

पाणी हीच ऊब

पहिला आणि स्वस्त उपाय पाण्याचा. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही वीस-पंचवीस अंशांचे असते. पहाटे त्यातून वाफ निघताना आपण पाहतोच. एका एकरात एक इंच पाणी दिले, तर ते सुमारे १ लाख लिटर होते. हे पाणी १० अंशांनी निवले, तर त्यातून १० लाख किलोकॅलरी उष्णता सुटते. तेवढी ऊब मिळवायला अडीच-तीनशे किलो वाळके सरपण जाळावे लागेल! सगळी ऊब पानांपर्यंत पोहोचत नाही हे खरे, पण सरपण तरी कुठे सगळे कामी येते?

पाणी रात्री किंवा पहाटेच द्यावे, असे सांगतात. पण शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि सौर पंप रात्री चालत नाही. तरी निराश होऊ नये. थंडीची लाट येणार असे कळताच दुपारपर्यंत हलके पाणी देऊन जमीन ओली करून ठेवावी. ओली जमीन कोरड्या, भुसभुशीत जमिनीपेक्षा जास्त ऊन साठवते आणि रात्री ते हळूहळू सोडते. त्या दिवसांत नांगरट, खुरपणी करून माती मोकळी करू नये. पाणी साचवूही नये. गारठलेल्या मुळांना चिखल सोसत नाही.

शेकोटी आणि धूर

बागेत धूर करण्याची रीत जुनी आहे. पण काम करते ती धुरापेक्षा विस्तवाची ऊब आणि तिने होणारी हवेची हालचाल. एकच मोठा जाळ केला, तर ऊब सरळ वर निघून जाते. त्यापेक्षा बांधाच्या कडेने लहान लहान शेकोट्या कराव्यात. पहाटे तीन-चारच्या सुमारास पेटवून सूर्योदयापर्यंत धुमसत्या ठेवाव्यात. सूर्य उगवल्यावर त्या विझवाव्यात, कारण तेव्हा धूर कोवळे ऊन अडवतो. टायर, प्लॅस्टिक जाळू नये. वाळके पाचट, कडब्याची गंज आणि गोठा यांपासून दूर राहावे आणि पाण्याची घागर हाताशी ठेवावी. वाऱ्याची रात्र असेल, तर शेकोटी करूच नये.

कोणाला कसे जपावे

आंबा, पेरू, पपईची नवी लागवड: तीन बाजूंनी तुराट्या किंवा कडब्याचा आडोसा करून वर छप्पर द्यावे. पूर्वेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे पहिले ऊन रोपाला मिळेल.

रोपवाटिका: वाफ्यावर कामट्यांच्या कमानी करून संध्याकाळी गोणपाट किंवा जुनी लुगडी पांघरावीत. ऊन वर आले की काढावीत. प्लॅस्टिक वापरल्यास ते पानांना टेकू देऊ नये.

केळी: घड पिशवीने झाकावेत. हिरवी पाने कापू नयेत. झाडाचे तेच पांघरूण आहे.

द्राक्ष: जुन्नर, नारायणगाव भागात जानेवारीत मणी भरत असतात. दिवसा कडक ऊन आणि पहाटे कडाक्याची थंडी असली, की पांढऱ्या जातींचे मणी गुलाबी पडतात, तडकतात. घड कागदाने झाकावेत आणि पाणी एकदम न देता थोडे थोडे द्यावे.

परसबाग: हे काम घरातल्या बायका आणि मुले सहज करतील. तुळस, विड्याचा वेल आणि कुंडीतली रोपे रात्री भिंतीलगत आणावीत. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते.

नत्राचा वरखत थंडीत देऊ नये. कोवळी फूट येते आणि तीच आधी करपते.

एक वही ठेवा

सपाट मुलखात पारा १० अंश किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरला, की हवामान खाते थंडीची लाट म्हणते. तो आकडा वेधशाळेतला, माणसाच्या छातीच्या उंचीवरच्या पेटीतला असतो. तुमच्या खळग्यातले पान त्याहून कितीतरी गार असू शकते. म्हणून एक साधा तापमापक घेऊन रोपाच्या उंचीवर टांगावा. रोज पहाटे आकडा वहीत लिहावा आणि आकाशवाणीवर किंवा मोबाईलवर कळलेला पुण्याचा आकडा शेजारी मांडावा. शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला हे काम द्यावे. पंधरा दिवसांत आपल्या शिवाराचा फरक कळेल. मग पुण्याचा अंदाज ऐकताच आपल्या बागेचे काय होणार, हे घरबसल्या सांगता येईल.

करपलीच तर?

घाबरून कोयता चालवू नये. काळी पडलेली फांदी मेलेली दिसते, पण आत जीव असतो. वरची करपलेली पाने खालच्या भागाला पांघरूण देतात. फेब्रुवारीअखेर नवी फूट कुठून येते ते पाहावे आणि तिच्या वर छाटावे. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. तोवर हलके पाणी द्यावे आणि ऊन चढू लागल्यावरच खत द्यावे.

थंडी आपल्या हातात नाही. दुपारचे पाणी, संध्याकाळचे पांघरूण आणि पहाटेची शेकोटी मात्र आपल्याच हातात आहे. आजच संध्याकाळी बांधावर उभे राहून आपल्या रानातला सर्वांत खोल कोपरा कोणता आणि तिथे कोणते रोप आहे, ते पाहून ठेवा.